रास्पबेरी पाय ४ वर घरचा मेल सर्व्हर: येणारी मेल एक नंबर, जाणारी मेल डोक्याला ताप

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू नुसत्या बोर्डाचा नाहीये, रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर चांगला आहे हे आता सगळ्यांना माहितीये, हा रिव्ह्यू आहे पाय ४ (२ जीबीवाला), पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा प्रोग्राम) आणि डवकॉट (आलेली मेल फोनला-लॅपटॉपला दाखवणारा) या त्रिकुटाचा. म्हणजे स्वतःच्या डोमेनची मेल दुसऱ्या कुणाच्या क्लाऊडवर न ठेवता घरात टीव्हीच्या मागे ठेवलेल्या एवढ्याशा डबीवर चालवायची म्हटलं तर ते कितपत जमतं. घरच्या पाच-सहा माणसांचे पत्ते आहेत, रोजची मेल आहे, क्लासची थोडीफार मेल आहे, एवढाच पसारा. माझं मत एका दमात: मेल घेणं, साठवणं, फोनवर दाखवणं यात ही डबी कुठेही कमी पडत नाही, पैकीच्या पैकी मार्क. पण याच डबीतून थेट मेल पाठवायची म्हणाल तर तो नाद सोडा, आणि तो पायचा किंवा लिनक्सचा दोष नाही. दोन कामं वेगळी धरली की सगळं सोपं होतं, एकच धरून बसलात की नुसतं डोकं फिरतं. बहुतेक लोक वैतागून सोडून देतात ते या एका गोष्टीमुळे.

हार्डवेअरचं पटकन उरकतो. पाय ४ आला २०१९ च्या जूनमध्ये, त्यामुळे जुना झाला असं वाटेल, पण मेल हे काम इतकं हलकं आहे की चार कोर बसूनच असतात. पोस्टफिक्स आणि डवकॉट दोघं मिळून शंभर एमबीच्या आसपास रॅम खातात, वर आरस्पॅमडी (स्पॅम गाळणारा प्रोग्राम) आणि त्याचा रेडिस डेटाबेस टाकला तरी २ जीबीमध्ये निवांत. फक्त एक करू नका, जुन्या गाइडमध्ये क्लॅमएव्ही टाकायला सांगतात तो अँटीव्हायरस टाकू नका, त्याच्या सिग्नेचरच एक जीबीच्या वर रॅम घेतात आणि अपडेट होताना काही क्षण त्याच्या दुप्पट, मग स्वॅप (रॅम संपली म्हणून डिस्क वापरणं) सुरू, मग मशीन आ वासून बसणार. घरात सगळे लिनक्स नाहीतर फोनवर मेल बघत असतील तर त्याचा उपयोगही फारसा नाही. वीज म्हणाल तर चार वॅट सरासरी धरा, महिन्याला तीन युनिटच्या आत, बिलात कळणारही नाही.

मेमरी कार्डावर मात्र मेल ठेवू नका म्हणजे नकाच. मेल सर्व्हर प्रत्येक मेल आली की डिस्कवर खरंच लिहिली गेली ना याची खात्री करून मगच समोरच्याला 'मिळाली' म्हणतो, आणि मेलडिर फॉरमॅटमध्ये प्रत्येक मेल म्हणजे एक वेगळी फाइल, त्यात लॉग वेगळे, असल्या बारीक बारीक लिखाणाने एसडी कार्ड लवकर मरतं, आणि मरताना सांगून मरत नाही. छोटी एसएसडी घ्या, निळ्या यूएसबी पोर्टला लावा, पाय ४ थेट त्यावरूनच बूट होतो. एसएसडीचा अडॅप्टर स्वस्तातला असेल तर यूएएसची (यूएसबी डिस्कशी वेगाने बोलायची पद्धत) कटकट होऊ शकते, मग सीएमडीलाइन फाइलमध्ये त्या चिपसाठी क्वर्क, म्हणजे ती पद्धत बंद करायची सूचना, टाकावी लागते. चार्जर मात्र ओरिजिनल ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचाच, फोनचा चार्जर लावून लोक व्होल्टेज पडलं म्हणून बोर्डाला शिव्या देतात (व्हीसीजेनसीएमडी गेट थ्रॉटल्ड ही कमांड मारा, शून्य आलं तर ठीक, बाकी काही आलं तर चार्जर नाहीतर केबल बदला). आणि वायफायवर नाही, लॅनची वायर लावा.

आता सॉफ्टवेअर. पोस्टफिक्सबद्दल माझ्या मनात निव्वळ आदर आहे. वित्से वेनेमा नावाच्या माणसाने आयबीएमच्या रिसर्चमध्ये असताना लिहिलेलं, १९९८ च्या डिसेंबरपासून लोकांच्या हातात आहे, आणि त्या काळच्या सेंडमेलसारखा एकच राक्षसी प्रोग्राम रूट (सगळे अधिकार असलेला युजर) होऊन सगळं करतोय असं न ठेवता त्याने कामाचे तुकडे केले, एक नुसता घेणारा, एक रांग सांभाळणारा, एक पोचवणारा, प्रत्येकाला लागेल तेवढाच अधिकार. ते डिझाइन आज एवढ्याशा मशीनवर पण तसंच चालतं, आठवण पण येत नाही की आत काही चालू आहे. टाकताना तो विचारतो कुठल्या प्रकारचं सेटअप पाहिजे, तिथे बहुतेक गाइड 'इंटरनेट साइट' निवडायला सांगतात, घरासाठी मी म्हणेन त्याच्या खालचा 'इंटरनेट विथ स्मार्टहोस्ट' निवडा, म्हणजे जाणारी मेल दुसऱ्या सर्व्हरमार्फत, कारण पुढे येतंच आहे.

मेन.सीएफ ही पोस्टफिक्सच्या सेटिंगची एकच फाइल नीट समजली की ऐंशी टक्के काम झालं. मायहोस्टनेम, मायडेस्टिनेशन, मायनेटवर्क्स (कुठल्या आयपींना पासवर्डशिवाय पाठवू द्यायचं), रिलेहोस्ट, होम मेलबॉक्स, एवढंच. दोन गोष्टी लक्षात ठेवा, एक म्हणजे ओळीच्या सुरुवातीला स्पेस असेल तर पोस्टफिक्स ती ओळ मागच्या ओळीचाच भाग धरतो, त्यामुळे कॉपी-पेस्टमध्ये एखादी स्पेस आली की सेटिंग गायब आणि एरर पण नाही, म्हणून प्रत्येक बदलानंतर पोस्टकॉन्फ -एन मारून त्याला खरं काय समजलंय ते बघायचं. दुसरं मेसेज साइजची मर्यादा, ती मुळात साधारण १० एमबी असते, आणि अटॅचमेंट मेलमध्ये जाताना एक तृतीयांशाने फुगते, म्हणजे आठ एमबीची पीडीएफ कुणी पाठवली की परत. जीमेल २५ एमबीपर्यंत पाठवू देतं, त्यामुळे आपलीही ३५ च्या आसपास करून टाका, नाहीतर लग्नाचे फोटो पाठवणारे नातेवाईक फोन करून विचारतील की तुझं मेल बंद आहे का.

आणखी एक, इंटरनेटवर जे मोठमोठे सेटअप दाखवतात ना, मायएसक्यूएल, व्हर्च्युअल युजर, ॲडमिनचं वेब पॅनल, ते होस्टिंग कंपन्यांसाठी आहे. घरातल्या सहा माणसांसाठी सहा लिनक्स युजर काढा, शेल नोलॉगिन ठेवा (म्हणजे त्यांना मशीनवर लॉगिन नाही), एलियासेस फाइलमध्ये टोपणनावं टाका, झालं. जेवढं कमी तेवढं सहा महिन्यांनी आठवतं.

डवकॉट हा दुसरा अर्धा भाग, म्हणजे फोनला आणि लॅपटॉपला आयमॅपवर (सर्व्हरवरची मेल वाचायची पद्धत) मेल दाखवणारा. टिमो सिराइनेनने २००२ मध्ये काढलेला, फास्ट आहे, मजबूत आहे, हजारो मेलचा फोल्डर पायवर पण चटकन उघडतो कारण इंडेक्स स्वतः ठेवतो. पण इथे माझी एक मोठी तक्रार. २.४ व्हर्जनमध्ये त्यांनी कॉन्फिगची भाषाच बदलली, आणि डेबियन लिनक्सच्या १३ व्या आवृत्तीत म्हणजे ट्रिक्सीमध्ये हेच २.४ आहे, रास्पबेरी पाय ओएस पण आता ट्रिक्सीवर आलंय. म्हणजे आजवर लिहिलेली बहुतेक सगळी गाइडं २.३ ची आणि तुमच्या मशीनवर २.४. जुनी मेल लोकेशनची ओळ गेली, तिच्या जागी मेल ड्रायव्हर आणि मेल पाथ अशा दोन आल्या, सर्टिफिकेटच्या सेटिंगचं नाव बदललं, प्लेनटेक्स्ट पासवर्ड बंद करायच्या सेटिंगचं तर नावही बदललं आणि अर्थही उलटा झाला, आधी 'डिसेबल' ला येस लिहायचो आता 'अलाऊ' ला नो. शिवाय फाइलच्या पहिल्या ओळीत कॉन्फिग व्हर्जन लिहिलं नाही तर तो सुरूच होत नाही. बदल तसे शहाणपणाचे आहेत, नावं आता जास्त कळतात, पण बुकवर्मवरून (आधीचं डेबियन १२) सरळ अपग्रेड मारणाऱ्या माणसाची मेल त्या संध्याकाळी बंद पडते हे नक्की. तुमचं बुकवर्मवर नीट चाललंय तर घाई करू नका, करायचंच तर दुसऱ्या कार्डावर नवीन टाकून कॉन्फिग परत लिहा, फक्त मेलडिरचं फोल्डर इकडून तिकडे न्या. आणि मेलडिरची हीच तर मजा आहे, नुसत्या फाइली आहेत, आरसिंकने कॉपी करा, ग्रेपने शोधा, कुठलाही प्रोग्राम गेला तरी मेल वाचता येते.

दोघांचं आपसात जुळवताना एकच जागा अडते. डेबियनमध्ये पोस्टफिक्सचे बरेच तुकडे क्रूटमध्ये बंद असू शकतात, म्हणजे त्यांना स्पूल फोल्डरच्या बाहेरचं दिसतच नाही, त्यामुळे डवकॉटचं लॉगिन तपासायचं सॉकेट (दोन प्रोग्रामनी आपसात बोलायची जागा) त्या स्पूलच्या आतल्या प्रायव्हेट फोल्डरमध्येच बनवावं लागतं. ते बाहेर ठेवलं की पासवर्ड बरोबर असून लॉगिन होत नाही.

बरं आता येणारी मेल. यासाठी बाहेरून पोर्ट २५ (सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते दार) तुमच्या घरापर्यंत पोचलं पाहिजे, आणि आपल्याकडे खरा अडसर इथे आहे, कारण बऱ्याच ब्रॉडबँडला सीजीनॅट असतं, एक पब्लिक आयपी शेकडो घरांत वाटलेला. राउटरमध्ये जाऊन वॅन आयपी (राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता) बघा, १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत काही असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, पोर्ट फॉरवर्डिंग कितीही करा काही होणार नाही. मग केबलवाल्याला स्टॅटिक म्हणजे न बदलणारा आयपी मागायचा. आमच्याकडच्या पोराला मागितला तर तो म्हणाला, "काका, सीसीटीव्ही लावायचाय का? त्याला ॲप येतं की आता, आयपी कशाला घेता." मेल सर्व्हर म्हटल्यावर त्याने ऑफिसला फोन लावला, ऑफिसने कुणा सरांना लावला, पण दिला शेवटी, थोडे जास्तीचे पैसे घेऊन. गावाकडचे छोटे केबलवाले याबाबतीत मोठ्या कस्टमर केअरपेक्षा बरे, निदान माणूस घरी येतो. आणि आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा आयपी) आहे की असं कुणी म्हणेल तर ते अर्धंच खरं, पाठवणारा सर्व्हर फक्त आयपीव्ही४ वर असेल तर त्याची मेल तुमच्यापर्यंत येणारच नाही.

स्टॅटिक आयपी नाहीच मिळाला तर दुसरा रस्ता, स्वस्तातला व्हीपीएस (इंटरनेटवरचा भाड्याचा सर्व्हर) घ्यायचा आणि वायरगार्डचा (व्हीपीएन) बोगदा घरापर्यंत आणायचा, व्हीपीएसवर पोर्ट २५ ला आलेलं कनेक्शन बोगद्यातून पायकडे. चालतं छान. पण यात एक खड्डा आहे, खूप खोल, आणि गाइडवाले त्याच्याबद्दल बोलत नाहीत. मास्करेड करून, म्हणजे मूळ आयपी झाकून पाठवलंत तर पायला जगातलं प्रत्येक कनेक्शन बोगद्याच्या आयपीवरून आल्यासारखं दिसतं, आणि तो आयपी मायनेटवर्क्समध्ये असेल तर पोस्टफिक्स म्हणणार अरे हा तर घरातलाच, जाऊ दे, आणि तुम्ही ओपन रिले (कुणाचीही मेल पुढे पाठवणारा सर्व्हर) झालात, रात्रीत हजारो स्पॅम तुमच्या नावाने. शिवाय एसपीएफ (त्या डोमेनची मेल या आयपीवरून यायला परवानगी आहे का ही) तपासणी निरर्थक, आणि फेल२बॅनने (चुकीचे पासवर्ड टाकणाऱ्या आयपीला अडवणारा प्रोग्राम) एका बॉटला बॅन केलं की सगळ्या जगालाच बॅन. म्हणून व्हीपीएसवर एचएप्रॉक्सी (कनेक्शन पुढे देणारा प्रोग्राम) टाका आणि पोस्टफिक्सला पोस्टस्क्रीन या त्याच्या दारावरच्या तुकड्यामध्ये त्याचा प्रॉक्सी प्रोटोकॉल समजावून द्या, म्हणजे खरा आयपी आतपर्यंत येतो. आणि काहीही असो, मायनेटवर्क्समध्ये १२७ वाला लोकलहोस्ट आणि त्याचा आयपीव्ही६ भाऊ एवढंच ठेवा, घरातली माणसं पासवर्ड देऊन पाठवतील.

लाईट गेल्यावर काय, हा प्रश्न सगळेच विचारतात. काही होत नाही! मेलचा प्रोटोकॉल १९८२ चा, लाइन चोवीस तास चालू असेल अशी अपेक्षा त्यात कधी नव्हतीच. तुमचा सर्व्हर सापडला नाही तर समोरचा रांगेत ठेवतो आणि परत परत प्रयत्न करतो, चार-पाच दिवस तरी, पोस्टफिक्समध्ये स्वतःलाच पाच दिवसांची मुदत असते. म्हणजे शुक्रवारी वादळात डीपी उडाला आणि रविवारी दुपारी लाईट आली तरी मेल येणार, फक्त उशिरा. त्यामुळे बॅकअप एमएक्स (आपला बंद असताना मेल घेणारा दुसरा सर्व्हर) वगैरे भानगडी घरासाठी अजिबात नकोत, स्पॅमवाले मुद्दाम त्याच दाराने येतात. इन्व्हर्टरवर राउटर असेल तर पाय पण त्याच बोर्डावर लावा.

लाईट परत आली की मात्र एक गंमत होते. पाय ४ मध्ये घड्याळाचा सेल नाहीये, त्यामुळे तो उठतो तेव्हा त्याच्या मते अजून लाईट गेली तेव्हाचीच वेळ असते, आणि पाय राउटरच्या आधी उठून बसतो, इंटरनेट नाही म्हणजे टाइम सिंक नाही. मग एकदम वेळ पुढे उडी मारते. जुन्या डवकॉटमध्ये तर वेळ मागे सरकली की तो लॉगमध्ये लिहायचा, यामुळे फार घोटाळे होतील म्हणून मी आता स्वतःलाच बंद करतो, आणि खरंच बंद पडायचा, आता तेवढा नाटकी राहिला नाही. उपाय साधा, सिस्टिमडीमध्ये (लिनक्सवर प्रोग्राम सुरू-बंद करणारा) पोस्टफिक्स आणि डवकॉट दोघांना टाइम सिंक झाल्यावरच उठायला सांगा. नाहीतर दोन-तीनशे रुपयांचं आरटीसी म्हणजे घड्याळाचं मॉड्यूल लावा. पाय ५ मध्ये घड्याळ बोर्डावरच आहे, फक्त बॅटरी वेगळी घ्यावी लागते.

पोर्ट उघडल्यावर थोड्याच वेळात बॉट यायला लागतात, घाबरू नका, तुमच्याशी वैर नाही, ते सगळ्यांकडेच जातात. लॉगमध्ये ॲडमिन, इन्फो, टेस्ट असल्या नावांनी पासवर्ड टाकून बघत बसतात. यासाठी पोर्ट २५ वर लॉगिनची सोयच ठेवायची नाही, लॉगिन फक्त ४६५ वर (मी ५८७ बंदच ठेवलंय, सुरुवातीपासून टीएलएस (एन्क्रिप्शन) असलेलं ४६५ वापरा अशी आता अधिकृत शिफारस पण आहे). मग पोस्टस्क्रीन चालू करा, हा पोस्टफिक्सचाच तुकडा आहे आणि छोट्या मशीनसाठी तर वरदान, तो दारात उभा राहून समोरच्याला सहा सेकंद थांबायला लावतो, खरा मेल सर्व्हर शांतपणे थांबतो, बॉटला धीर नसतो, तो आधीच बडबडायला लागतो, की हाकलला. बरंच स्पॅम आरस्पॅमडीपर्यंत पोचतही नाही. फेल२बॅन पण लावा, फक्त बुकवर्मपासून मेलची लॉग फाइल आपोआप बनत नाही, सगळं सिस्टिमडीच्या जर्नलमध्ये जातं, त्यामुळे फेल२बॅनला बॅकएंड सिस्टिमडी असं सांगावं लागतं, नाहीतर तो नसलेली फाइल शोधत बसतो.

आणि हे तर ठळक करून लिहायला पाहिजे होतं. स्पॅमहाउस या संस्थेची, स्पॅम येणाऱ्या आयपींची ब्लॉकलिस्ट पोस्टफिक्सला जोडली असेल आणि पायचा डीएनएस गूगलचा ८.८.८.८ वगैरे असेल तर ती चालत नाही, स्पॅमहाउस पब्लिक रिझॉल्व्हरमधून आलेल्या प्रश्नाला खरं उत्तर न देता १२७.२५५.२५५.२५४ असं एररचं उत्तर देतं, आणि पोस्टफिक्सला कोणतं उत्तर म्हणजे खरंच लिस्टेड हे नीट सांगितलं नसेल तर तो त्यालाही 'लिस्टमध्ये आहे' समजून येणारी प्रत्येक मेल परत पाठवतो. प्रत्येक! पायवरच अनबाउंड (स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर) टाका, दहा मिनिटांचं काम, तो स्वतः रूट सर्व्हरपासून शोधतो, प्रश्न मिटला.

आता जाणारी मेल, म्हणजे ज्याच्यासाठी मी मार्क कापलेत. तुमचं कॉन्फिगरेशन शंभर टक्के बरोबर असलं तरी घरच्या ब्रॉडबँडवरून जीमेलला मेल पाठवाल तर ती बहुतेक पोचणार नाही, पोचलीच तर स्पॅममध्ये. कारणं तीन, आणि तिन्ही तुमच्या हातात नाहीत. एक, बरेच इंटरनेटवाले बाहेर जाणारं पोर्ट २५ बंदच ठेवतात, व्हायरस लागलेल्या कॉम्प्युटरमधून स्पॅम जाऊ नये म्हणून, आणि ते बरोबरच आहे. दोन, तुमच्या आयपीचं उलटं नाव म्हणजे पीटीआर रेकॉर्ड फक्त तो आयपी ज्याच्या मालकीचा तोच लावू शकतो, म्हणजे केबलवाल्याच्याही वरचा कोणीतरी, आणि पीटीआर काय ते त्याला समजावण्यात उमेद संपते. तीन, घरगुती आयपींचे पट्टेच्या पट्टे स्पॅमहाउसच्या पीबीएल यादीत टाकलेले असतात, तुम्ही काही केलं म्हणून नव्हे, तर घरच्या लाइनवरून थेट मेल जाऊ नये असं धोरण म्हणून. काही एरियाचा पिनकोड बघूनच क्रेडिट कार्डवाले नाही म्हणतात ना, तसलाच प्रकार. वर २०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगलने नियम कडक केले, प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकिम (मेलवरची डिजिटल सही) आणि बरोबर पीटीआर पाहिजेच, आणि दिवसाला ५००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम, डीमार्क (या तपासण्या फसल्या तर मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) तिन्ही.

म्हणून रिले, म्हणजे आपली मेल दुसऱ्याच्या सर्व्हरमार्फत पाठवणं. कुठलीतरी मेल पाठवणारी सर्व्हिस घ्यायची आणि पोस्टफिक्सच्या रिलेहोस्टमध्ये तिचं नाव चौकोनी कंसात टाकून पुढे ५८७ लिहायचं (कंस विसरू नका, त्याशिवाय पोस्टफिक्स त्या नावाचा एमएक्स (मेल घेणाऱ्या सर्व्हरची डीएनएस नोंद) शोधत फिरतो). घराच्या वापराला बऱ्याच सर्व्हिसचा फुकट प्लॅन पुरतो, ॲमेझॉनच्या एसईएसचा दर हजार मेलला १० सेंट आहे, आणि त्यांचं मुंबई रिजन पण आहे, फक्त नवीन अकाउंट सँडबॉक्समध्ये असतं, आधी व्हेरिफाय केलेल्या पत्त्यांनाच मेल जाते, बाहेर काढण्यासाठी अर्ज करून काय पाठवणार ते लिहून द्यावं लागतं. जोडताना लॉगमध्ये 'नो वर्दी मेक्स फाउंड' असं आलं तर पासवर्ड बदलत बसू नका, लिबसासल२-मॉड्यूल्स हे पॅकेज टाकलेलं नसतं एवढंच.

काहीजण नाक मुरडतात, की रिलेच घ्यायचा तर स्वतःचा सर्व्हर कशाला. मला हे पटत नाही. माझी वर्षानुवर्षांची आलेली मेल, अटॅचमेंट, फोल्डर हे सगळं माझ्या घरात आहे, आणि कुठल्यातरी कंपनीने अकाउंट बंद केलं म्हणून ते जाणार नाही. पाठवलेली मेल रिलेवाल्याला दिसते हे खरं, पण ती ज्याला पाठवली तो नव्वद टक्के वेळा जीमेलवरच असतो, मग लपवलं कुणापासून?

डीएनएसचं थोडक्यात, कारण याच्यावर माहिती भरपूर आहे. एसपीएफमध्ये रिलेवाल्याचा इन्क्लूड टाका, डीकिम रिलेवाला देतो ते सीनेम रेकॉर्ड जसेच्या तसे लावा. स्वतः सही करणार असाल तर २०४८ बिटची की एका टीएक्सटी स्ट्रिंगच्या २५५ अक्षरांत मावत नाही, दोन अवतरणांत तोडून टाकावी लागते, काही डोमेनवाल्यांचं पॅनल हे स्वतः करतं, काहींचं गुपचूप मधेच कापतं, म्हणून डिग कमांडने बघून खात्री करा. डीमार्क आधी 'नन' (काही करू नका) वर ठेवा, थोडे आठवडे रिपोर्ट बघा, मग क्वारंटाइन (स्पॅममध्ये टाका). सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टचं, ९० दिवसांचं, डीएनएस पद्धतीने घ्या म्हणजे पोर्ट ८० उघडायला नको, आणि रिन्यू झाल्यावर डवकॉट रीलोड करायचा हुक लावा, कारण नवीन सर्टिफिकेट आलं तरी डवकॉट जुनंच धरून बसतो. लेट्स एन्क्रिप्टने एक्स्पायरीच्या आठवणीची मेल पाठवणं २०२५ च्या जूनमध्ये बंद केलंय, त्यामुळे आता ती आठवण तुमची तुम्हीच क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम करणारा प्रोग्राम) ठेवायची.

रेडिमेड पॅकेज घ्यावं का? मेलकाऊ दिसायला सुंदर आहे, पण डॉकरचे डझनभर कंटेनर, ६ जीबी रॅम लागते असं ते स्वतःच सांगतात, २ जीबीच्या पायवर विचारही नको. मेल-इन-अ-बॉक्सला उबंटू २२.०४ आणि क्लाऊडवरचं आख्खं मशीन पाहिजे. युनोहोस्ट पायवर चालतं आणि क्लिक करून होतं, ज्यांना टर्मिनलची भीती वाटते त्यांनी तिकडे जावं, वाईट नाही. स्टॉलवर्ट हा रस्टमध्ये लिहिलेला नवीन गडी, एकाच प्रोग्राममध्ये सगळं, मला आवडला, पण अडलं तर शोधायला पोस्टफिक्सइतकी पंचवीस वर्षांची उत्तरं अजून त्याच्याकडे नाहीत, आणि रात्री अकरा वाजता मला ती उत्तरंच लागतात.

रोजच्या वापरात घरच्यांना फरक कळत नाही, हेच मोठं सर्टिफिकेट. फोनवर थंडरबर्ड (आधीचं के-नाइन), लॅपटॉपवर थंडरबर्ड, मेल आली की लगेच टिंग. मराठी मजकूर, मराठी विषय, अटॅचमेंटचं मराठी नाव, कशालाच अडचण नाही. देवनागरी पत्ता मात्र हौस म्हणून ठीक, पोस्टफिक्स २०१५ च्या ३.० व्हर्जनपासून असले पत्ते घेतो, पण वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरला ते जमलं पाहिजे, एकाला जरी नाही जमलं तरी मेल परत, शिवाय निम्म्या वेबसाइटचे फॉर्म त्याला पत्ताच मानत नाहीत.

आणि बँक, डिमॅट, इन्कम टॅक्सचं पोर्टल यांना हा पत्ता देताना दहा वेळा विचार करा. सर्व्हर बंद पडण्याची भीती नाही, भीती डोमेनची आहे, रिन्यू करायचं राहिलं आणि दुसऱ्या कुणी ते डोमेन उचललं तर तुमचे पासवर्ड रीसेटचे मेल त्याच्याकडे जाणार. शिवाय हे सगळं चालवणारे घरात तुम्ही एकटेच असता, तुम्ही आजारी पडलात नाहीतर बाहेरगावी गेलात तर आईला लॉग बघायची जर्नलसीटीएल कमांड सांगणार आहात का? डोमेन एकदम पाच-दहा वर्षांचं भरून टाका, रजिस्ट्रारचं लॉगिन या डोमेनच्या मेलवर ठेवू नका, आणि रेस्टिक या बॅकअप प्रोग्रामने रोज रात्री एक एन्क्रिप्टेड बॅकअप घराबाहेर जाऊ द्या.

विकत घ्यायचं म्हणाल तर पाय ४ २ जीबी, चांगला चार्जर, छोटी एसएसडी, ॲल्युमिनियमची केस (पंखा नको, धूळ खातो आणि आवाज करतो). आधीच पाय ३ पडून असेल तर त्यावर पण चालेल, फक्त आरस्पॅमडी जपून. झीरो २ डब्ल्यू स्वस्त दिसतो म्हणून जाऊ नका, लॅन पोर्ट नाही, रॅम ५१२ एमबी. पाय ५ फक्त मेलसाठी घेणं म्हणजे पैसे जास्त झालेत, सोबत नेक्स्टक्लाऊड (फाइलींसाठी घरचा क्लाऊड) वगैरे चालवणार असाल तर घ्या. आणि केबलवाल्याकडून स्टॅटिक आयपी मिळतोय का हे बोर्ड ऑर्डर करायच्या आधी विचारा, नंतर नाही.